काळ्या थराची साक्ष

विलास,

तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि अजून एकाही माणसाने तुझ्याबद्दल खरं बोललेलं नाही. त्यात मी पहिली.

शोकसभा अंधेरीला झाली. आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी घेतली. पासपोर्टसाठी काढलेला तुझा फोटो मोठा करून लावला होता, त्यात तू टपाल खात्यातला माणूस दिसतोस. एकाने तुला 'हाडाचा संशोधक' म्हटलं. दुसरा म्हणाला, "विलाससरांनी स्वेच्छेने अध्यापन सोडलं आणि बाहेरच्या क्षेत्रात नाव कमावलं." स्वेच्छेने! मी पहिल्या रांगेत बसले होते. मी उठून 'खोटं आहे' म्हणायला हवं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी काय सांगितलं माहीत आहे? कच्छच्या सहलीत तू डब्यातली जवळ्याची चटणी सगळ्यांना कशी वाटायचास आणि बसमध्ये बेसूर गाणी कशी म्हणायचास, ते. लोक हसले. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर वाजल्या असत्या.

आता त्यांच्या पत्रिकेला लेख हवा आहे. "मॅडम, तुम्ही दोघं बरोबरीचे. दोन शब्द लिहा, हृद्य असू द्या." म्हणून लिहायला बसले. हृद्य जमेलसं वाटत नाही.

तीस वर्षांहून जास्त झाली. आपण दोघंही भूशास्त्र विभागात नवे होतो, दोघंही तात्पुरत्या नेमणुकीवर, दोघांनाही सरांनी एकाच टेबलाचे दोन कप्पे दिले होते. सर म्हणजे आपले विभागप्रमुख. छापून येणाऱ्या लेखात त्यांचं वर्णन काय करू? चुनखडीच्या खडकांवर त्यांचा शब्द शेवटचा होता. पश्चिम कच्छमधले ते पिवळट खडक कसे तयार झाले, यावर त्यांचा प्रबंध होता आणि त्यात त्यांनी लिहिलं होतं की तिथला समुद्र लाखो वर्षं उथळ, शांत आणि बिनघोर होता. आपल्याला हेच शिकवलं गेलं, आपणही मुलांना हेच शिकवत होतो.

त्या वर्षीच्या कच्छ सहलीत मुलांना जेवायला बसवून आपण दोघं पुढच्या खाणीत गेलो. दगड काढून काढून खाणीची भिंत सरळ कापली गेली होती. ऊन असं होतं की भिंतीकडे बघवत नव्हतं. तू हातांनी डोळ्यांवर आडोसा केलास आणि एकदम गप्प झालास. तू गप्प झालास की मी घाबरायची.

"शुभा, इकडे ये. हे बघ."

"काय? चुनखडी आहे."

"खाली चुनखडी. वर चुनखडी. मध्ये काय आहे?"

मध्ये चार बोटं जाडीचा काळा थर होता. मी तो पाहिलाही नव्हता. मला ती ओल वाटली होती. तू भिंग माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "घाई करू नकोस. खालून वर वाच." मी वाचलं. खालच्या दगडात शर्टाच्या बटणांएवढ्या चकत्या ठासून भरलेल्या, एकेकाळी समुद्रतळावर जगलेल्या जिवांची कवचं. मग दगड राखाडी होत गेला, चकत्या विरळ झाल्या, बारीक झाल्या. मग काळं. त्या काळ्यात कागदासारखे पातळ पापुद्रे, एकावर एक, कुठेही न मोडलेले. तळाशी एखादा किडा जरी वळवळला असता तरी ते पापुद्रे मोडले असते. म्हणजे तळाशी कुणी नव्हतं. काहीच जिवंत नव्हतं. आणि वर पुन्हा पिवळट दगड, पुन्हा कवचं, पण ती वेगळ्या जातीची.

"समुद्र गुदमरला होता यार," तू म्हणालास. "पाणी तापलं, तळाचा प्राणवायू गेला, आणि सगळं मेलं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी. आणि सर म्हणतात बिनघोर!"

छिन्नी मी धरली होती, हातोडा तुझ्याकडे होता. थराचा वीतभर तुकडा आपण भिंतीतून, जागेवरून काढला. वर कोणती बाजू, खाली कोणती, हे दाखवणारा बाण मीच खडूने त्याच्यावर काढला. माझ्या अंगठ्याला छिन्नी लागली होती, तू रुमाल बांधलास. हे सगळं मला आजही असं दिसतं. पुढे जे झालं त्यासाठी हे नीट लिहून ठेवायला हवं. मला सगळं आठवत होतं.

परत आल्यावर तू त्या तुकड्याच्या मागे लागलास. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेत. कडेचा थोडा दगड तोडून कुटायचा, भिजवायचा, चाळायचा, आणि उरलेल्या रव्यातून साखरेच्या कणाहून लहान कवचं ओल्या कुंचल्याने एकेक उचलायची. काळ्या थरात तळावर राहणाऱ्या जाती नव्हत्या. उघड्या समुद्रात तरंगणाऱ्या होत्या. म्हणजे हा किनाऱ्याजवळच्या डबक्याचा चिखल नव्हता, भर समुद्राचा होता. त्याच सुमारास बाहेरच्या देशांत खोल समुद्राच्या गाळातही असंच काही सापडत होतं. तुला त्याची कुणकुण एका जुन्या झेरॉक्सवरून लागली होती. माझी आई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. माझे तास तू घेत होतास, हजेरीवर सही माझी असायची. ते मी विसरलेले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

निबंध लिहून झाल्यावर तू विचारलंस, "तुझं नाव पहिलं टाकू की माझं?"

मी म्हटलं, "माझं नकोच टाकूस. सरांना आवडणार नाही."

"सरांना काय आवडायचंय? दगड आहे तो."

"तुला कळत नाही, विलास. पुढच्या महिन्यात आपल्या कायम होण्याच्या फाइली जाणार आहेत."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग 'बरं' म्हणालास. तुझा तो 'बरं' मला कधीच आवडला नाही. त्यात भांडणाला जागाच नसायची.

परिसंवाद आपल्याच कॉलेजच्या सभागृहात होता. तू बोललास ते चांगलं बोललास, घाबरलास नाहीस, एवढंच की नेहमीसारखा हात फार हलवत होतास. सरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. हा तुकडा खाणीच्या भिंतीतून, जागेवरून काढलाय याला पुरावा काय? खाली पडलेल्या ढिगातला कशावरून नाही? ढिगातला असेल तर कुठलाही चिखल कुठेही आलेला असू शकतो. फोटो? फोटोचा रोल तापून खराब झाला होता. पुन्हा जाऊन दाखवू म्हणावं, तर तू महिनाभरापूर्वीच जाऊन आला होतास आणि ती भिंत खाणवाल्यांनी पार पुढपर्यंत कापून नेली होती.

"शुभा होती बरोबर," तू म्हणालास. "तिनेच बाण काढलाय त्यावर."

सर माझ्याकडे वळले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काय शुभा? जागेवरचा होता का तो?"

सभागृहात पन्नाससाठ माणसं असतील. पंख्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही, सर. दगड बरेच गोळा केले होते."

एवढंच. तू मान खाली घालून कागद आवरायला लागलास. मला वाटलं होतं तू ओरडशील, माझा अंगठा सगळ्यांना दाखवायला लावशील. छिन्नीची खूण तेव्हा अजून दिसत होती. तू नाही ओरडलास. सर म्हणाले, "उत्साह चांगला असतो, पण शिस्त हवी," आणि चहाची सुट्टी झाली.

मी कायम झाले. तुझी फाइल गेलीच नाही. पुढच्या जूनमध्ये तुझी नेमणूक संपली आणि कुणी तुला काढलं असं म्हणण्याची सोय राहिली नाही. 'स्वेच्छेने.'

तू इमारतींच्या पायासाठी जमिनीत भोकं पाडणाऱ्या एका कंपनीत लागलास. बोअरिंगच्या नळातून वर आलेला गाळ बघायचा आणि पक्का दगड किती खाली आहे ते लिहून द्यायचं. बाकी तुला कुणी काही विचारत नव्हतं. मुंबईची उपनगरं वर वर वाढत होती आणि तू आयुष्यभर त्यांच्या खाली बघत होतास. मला फोन करायचास. हे मला सगळ्यात जड जायचं. तू मला फोन करायचास!

"शुभा, माहुलला आहे. ये ना, काहीतरी झकास दाखवतो."

मी एकदा आले. रिफायनरीचा वास, खाडीची दलदल, कोळणी जाळी झटकत होत्या, आणि तू लाकडी खोक्यात गाळाचे लांब दांडे ओळीने मांडून उकिडवा बसला होतास, गुडघ्यापर्यंत चिखल. वरच्या दांड्यात निळसर काळा चिखल आणि शिंपले. त्याखाली पिवळी माती, त्यात झाडाची मुळं. "ही मुळं बघ. इथे जमीन होती. कोरडी. माणसं चालली असतील इथून. मग बर्फ वितळलं, समुद्र वर आला, खारफुटी आली, आणि मग हे शिंपले. सगळं या खोक्यात आहे." तिथले कामगार तुला मास्तर म्हणत होते. एक म्हातारा कोळी तुझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला तू शिंपला दिलास. तो म्हणाला, "ह्ये तर आजपन भेटतं." तू म्हणालास, "भेटतं ना काका, पण हे तुमच्या खापरपणज्याच्याही आधीचं." तो हसला, तूही हसलास. मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण मला असं कधी कुणी ऐकलं नाही.

परत येताना मी म्हटलं, "विलास, त्या दिवशीचं..." आणि तू लगेच म्हणालास, "सोड ना. ट्रॉम्बेवरून रिक्षा मिळेल तुला, इथून नाही मिळणार." पुढे बोलूच दिलं नाहीस. मला राग आला होता. अजूनही आहे. तुला तो मोठेपणा वाटत असेल. पण माफ करायचं तर आधी समोरच्याला कबूल करू द्यावं लागतं रे. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस. आणि मीही दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही, कारण तुझं ते 'सोड ना' मला फार सोयीचं होतं.

मध्यंतरी जगभर सिद्ध झालं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्याने तापली होती, समुद्र आंबट झाले होते, तळाचे जीव मेले होते. मी स्वतः ते मुलांना शिकवत होते, फळ्यावर आलेख काढून. एका मुलीने विचारलं, "मॅम, इंडियात हे कुठे दिसतं?" मी म्हटलं, "कच्छमध्ये दिसावं. शोधायला हवं." माझ्या मागच्याच कपाटात आपला तुकडा होता, खडूच्या बाणासकट.

मग विद्यार्थी येईनासे झाले. दगड शिकायला कोण येतं? मी विभागप्रमुख असतानाच विभाग बंद झाला. नव्या इमारतीसाठी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि 'निरुपयोगी साहित्या'च्या यादीवर माझी सही हवी होती. मी यादी वाचली नाही. वाचली असती तर 'खडक नमुने, चार कपाटं' ही ओळ दिसली असती. दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघितलं तर कपाटं अंगणात उलटी पडली होती. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, पत्थर तो भरनी में डाल दिया." नव्या इमारतीच्या भरावात! तीस वर्षं इमारतींच्या खालचं वाचणाऱ्या माणसाचा दगड मी एका इमारतीच्या खाली गाडला. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

आणि सहा महिन्यांपूर्वी तुझा फोन. तू आजारी आहेस हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खोकत होतास, म्हणालास धूळ आहे.

"शुभा, आपला तो तुकडा आहे ना गं अजून?"

माझ्या तोंडातून निघालं, "आहे."

"आईशप्पथ? झकास! अगं, एक मुलगी भेटली, संशोधन करतेय. आता चिमूटभर पुडीवरून कार्बन तपासता येतो. तो थर तोच आहे की नाही, ते दोन दिवसांत कळेल. जागेवरचा होता की ढिगातला, हा प्रश्नच उरणार नाही बघ. खालून वर सगळा बदल त्या वीतभर तुकड्यातच आहे."

"काढून ठेवते," मी म्हटलं.

म्हणजे माझ्या साक्षीची गरजच संपणार होती. दगड स्वतः बोलणार होता. मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. दोन आठवड्यांनी तुझा पुन्हा फोन. मी म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाही. मग म्हटलं, कॉलेजला सुट्टी आहे. मग तू हॉस्पिटलमधून केलास, आवाज अगदी खाली गेला होता, तरी विचारलंस, "किल्ली मिळाली का?" मी म्हटलं, "उद्या नक्की." मला उद्देशून तुझं शेवटचं वाक्य होतं, "बरं. घाई नाही."

बाराव्याला घाटकोपरला गेले. भटवाडीचा तो चढ चढताना दोनदा थांबले. मंगलने, तुझ्या बायकोने, दार उघडलं. तिला मी इतक्या वर्षांत पाचसहा वेळा भेटले असेन. तिने पाणी दिलं आणि पाणी पिऊन होण्याआधीच विचारलं, "बाई, तो दगड खय आसा?"

मी आणखी एक घोट घेतला.

"ह्येनी शेवटपर्यंत तेचीच वाट बघल्यानी. त्या पोरीक फोन करून सांगल्यानी, मॅडम देतली, थांब जरा. माका सांगा, खय आसा? मी त्या पोरीक नेवन देतंय."

मग मी सांगितलं. भराव, सही, किल्लीचं खोटं, आणि मग त्याच्या मागचं, परिसंवादाचंही. सगळं सांगितलं, रडत सांगितलं. ती ऐकत होती. रडली नाही. तिचा चेहरा आधी होता तसाच राहिला, हे बघून मला रडायची लाज वाटली.

"परिसंवादाचा माका ठावक होता," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर पयल्याच वर्षी सांगल्यानी. म्हनाले, ती भियाली. वायट नाय. पन दगडाचा ठावक नाय होता. तेंकाही नाय होता."

"मंगल, मला माफ..."

"माफी माझ्याकडे कित्याक मागतास? माझ्यासमोर गप रवलास काय तुमी? ज्येंच्यासमोर गप रवलास, त्येंका जावन सांगा. हय रडून काय उपयोग?"

आणि तिने माझ्या हातातला पेला घेतला. अजून अर्धा भरलेला होता.

त्या सभागृहातली माणसं आता कुठे शोधू? निम्मी गेली, निम्म्यांना आठवणार नाही. सर मात्र आहेत. बोरिवलीला मुलाकडे असतात. वय झालंय, पण डोकं लख्ख. परवा सकाळी गेले. सुनेने आत बसवलं. सर खिडकीशी पेपर वाचत होते. "ये शुभा," म्हणाले. "विलासचं कळलं. वाईट झालं."

मी उभ्यानेच सांगून टाकलं. बसले असते तर सांगितलं नसतं. "सर, तो तुकडा जागेवरचा होता. मी छिन्नी धरली होती. मला आठवत होतं. मी त्या दिवशी खोटं बोलले."

सरांनी पेपरची घडी केली. चष्मा काढला. मला वाटलं, आता ते रागावतील किंवा त्यांना धक्का बसेल. माझ्या खोटेपणामुळे एका मोठ्या माणसाची फसवणूक झाली, असं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आले होते, असं आता लक्षात येतंय.

"अगं, बस," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जागेवरचा आहे ते. पापुद्रे बघितले होते ना मी. ढिगातल्या चिखलात खालून वर असा क्रमाने होत गेलेला बदल नसतो. त्याचा निबंध मी तीनदा वाचला होता. बरोबर होता तो." ते थोडं हसले, म्हाताऱ्या माणसाचं हसू. "माझा प्रबंध मात्र गेला असता. मला वाटलं, तू 'हो' म्हणशील. म्हणाली असतीस तर मला मान्य करावंच लागलं असतं, दुसरं काय करणार होतो सगळ्यांसमोर? पण तू माझं काम सोपं केलंस."

विलास, म्हणजे एक शब्द पुरला असता. मी ज्याला भिंत समजत होते ते दार होतं, नुसतं लोटलेलं. तुझी नोकरी, तुझं नाव, तो थर, हे सगळं माझ्या एका 'हो'वर होतं आणि समोरचा माणूस हरायला तयार बसला होता.

सुनेने पोहे आणले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. मला उठून निघायला हवं होतं. मी ते पोहे खाल्ले, रे. सरांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी उत्तरं दिली. निघताना ते दारापर्यंत आले, दाराची चौकट धरून उभे राहिले.

"त्याच्यावर लिहिते आहेस म्हणे? लिही. हुशार मुलगा होता. जे झालं तेही लिही, माझी हरकत नाही." मग म्हणाले, "फक्त माझं नाव नको टाकूस."

मी म्हटलं, "हो, सर."

मंगलला हा लेख वाचून दाखवणार आहे. ती पहिल्यांदा काय विचारेल ते मला माहीत आहे. तुलाही दिसलंच असेल. एवढं सगळं लिहिलं मी, स्वतःचं काही लपवलं नाही, आणि त्यांचं नाव कुठेही टाकलेलं नाही.